गोड्या पाण्याची बुडी

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने मला बजावलं होतं. मी मान हलवली होती. मी मान हलवली की लोकांना ते पुरतं, कारण एरवीही मी फारशी बोलत नाही. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. शिवाय मावशीला काही झालं, तर ते कशामुळे झालं हे कळणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

माझं नाव राजेश्वरी. मी दहावीत आहे. आमचं गाव पवन मावळात, तिथली शाळा लहान वर्गांपर्यंतच आहे. म्हणून आई-बाबांनी मला वराळ्याला सारिकामावशीकडे ठेवलं. मावशी आईची धाकटी बहीण. ती हॉटेलांमधले आणि बंगल्यांमधले खाऱ्या पाण्याचे फिश टँक सांभाळते. रविवारी स्कूटीवर पायांपाशी पाण्याचा एक कॅन, मागे मी आणि माझ्या मांडीवर दुसरा कॅन, असं आम्ही जुन्या हायवेने लोणावळ्याला जातो.

माझं काम फक्त बघण्याचं. मावशी म्हणते, "माझे हात आणि तुझे डोळे, अशी आपली कंपनी आहे." आजारी माशात काय दिसतं ते मला लवकर दिसतं. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके असतील तर तो एक आजार. सोन्याची भुकटी उडवल्यासारखं चमकत असेल तर दुसरा, आणि तो जास्त वाईट. पर अर्धगोल तुटलेला असेल तर शेजारच्या माशाने चावा घेतला आहे. पराची कड चिंध्यांसारखी झाली असेल तर तो कुजतो आहे. कल्ले भराभर हलत असतील तर श्वास पुरत नाही. आणि डोळ्याचा नियम सगळ्यात सोपा. दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलं असेल तर पाणी बिघडलं आहे. एकाच डोळ्यात पडलं असेल तर मार लागला आहे.

हा नियम कधीच चुकला नव्हता.

२

तुंगार्लीच्या बाजूला, धरणाकडे चढणाऱ्या रस्त्यावर तो बंगला आहे. मालक मुंबईला असतात आणि दिवाळीनंतर एकदाही आलेले नाहीत. बंगला सावळाभाऊ राखतात. ते वरच्या डोंगरातल्या वाडीचे. हिवाळ्यात ते फाटकाशी पालापाचोळा पेटवून बसलेले असतात आणि आम्हाला बघून उठतात.

"या सारिकाताई," त्या रविवारी ते म्हणाले. "तुमचा त्यो पिवळा येडा झालाय. दगडावर टकुरं आपटतोय."

"तुम्ही पाण्यात काही घातलं नाही ना?"

"म्या काय घालनार? सकाळचं दानं तेवढं. मासं म्हंजी ताटात बघायची गोष्ट. हितं मालकानं भिंतीत चिणल्यात."

"तुमच्या भरवशावर टँक सोडायची भीतीच वाटते मला," मावशी म्हणाली.

"न्हाई ओ, हे लय खारट लागतील."

हॉलच्या एका पूर्ण भिंतीत तो टँक बसवलेला आहे. समोरून काच, वरून झाकण. मागच्या काचेला बाहेरून निळा रंग दिला आहे, त्यामुळे समोर बसलेल्याला समुद्र खोल असल्यासारखा वाटतो. हॉलमध्ये सोफे पांढऱ्या चादरींनी झाकलेले असतात. पंपाची घरघर सोडली तर दुसरा आवाज नसतो.

तो पिवळा मासा, टँग, समोरच्या काचेपाशी होता. मावशीने पारदर्शक डबा आत सोडला, खाण्याचा तुकडा लावून त्याला आत घेतलं आणि डबा उचलून माझ्यासमोर धरला. "हं, डॉक्टरीणबाई."

उजवा डोळा स्वच्छ होता. डबा फिरवला. डाव्या डोळ्यात फूल.

"मार," मी म्हणाले. "दगडावर आपटला आहे."

"आपटल्यामुळे डोळा गेला, की डोळा गेला म्हणून आपटला?"

असे उलटे प्रश्न विचारायची तिला सवय आहे. मी त्यावर विचार केला आणि तेच उत्तर पुन्हा दिलं. मला खात्री होती. अशा वेळी औषध लागत नाही. पाणी चांगलं ठेवायचं, बाकी मासा स्वतः भरून काढतो.

३

पुढच्या रविवारी मी टँकसमोर मांडी घालून बसले होते. मावशी टँकखालच्या कपाटातली जाळी धुवायला नळावर गेली होती. पिवळा टँग, नारिंगी क्लाउन, निळे डॅमसेल, सगळे समोरच्या काचेला लागून होते आणि डावीकडून उजवीकडे जात होते. मी नेहमीसारखी एकेकाचं अंग तपासत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला सगळ्यांची उजवी बाजूच दिसते आहे.

यात काही विशेष नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मासा उजवीकडे जात असला की उजवीच बाजू दिसणार. तो टोकाला जाऊन वळेल तेव्हा डावी दिसेल. मी वाट पाहिली.

क्लाउन उजव्या टोकाला गेला, थांबला, आणि वळला नाही. पुढचे पर उलटे मारत तो तसाच मागे मागे आला, रिव्हर्स घेतलेल्या गाडीसारखा. डाव्या टोकाला पोचल्यावर पुन्हा पुढे निघाला. त्याच्या मागून डॅमसेलही तसेच उलटे आले.

मी आठवून पाहिलं. इतक्या महिन्यांत या टँकमध्ये पोहताना मला एकाही माशाची डावी बाजू कधी दिसली नव्हती.

मी स्टूल आणलं, त्यावर चढले आणि झाकण उचलून वरून बघितलं. वरून दोन्ही डोळे दिसतात. सगळ्यांचा उजवा डोळा काळाभोर होता. सगळ्यांचा डावा डोळा उकडलेल्या माशासारखा पांढरा होता.

मावशी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. सलग एवढं बोलल्यामुळे माझे कान गरम झाले.

"नियम काय सांगतो?" तिने विचारलं.

"एक डोळा म्हणजे मार. पण सगळ्यांना एकाच डोळ्याला मार कसा लागेल?"

"मग आजार."

"आजार डोळा निवडत नाही."

मावशीने टँकवरच्या दिव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दिवा एका बाजूला आहे, म्हणून ते तसे पोहत असतील," आणि तिने दिवा उचलून दुसऱ्या बाजूला लावला. मासे होते तसेच राहिले. उजवा डोळा आमच्याकडे, डावा मागच्या निळ्या काचेकडे.

४

काही किडे माशाच्या अंगाला चिकटतात, पण ते काचेसारखे पारदर्शक असतात. खाऱ्या पाण्यात ते दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची बुडी द्यावी लागते. काळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात आरओचं पाणी घ्यायचं, टँकइतकंच कोमट करायचं, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा आणि मासा त्यात सोडायचा. गोडं पाणी लागलं की किडे पांढरे पडतात आणि तिळासारखे गळून तळाशी जातात. म्हणून घमेलं काळं.

गोड्या पाण्यात पडल्यावर मासा आधी आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं, मेला. मावशीने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "घाबरून लगेच काढायचा नाही. थोडा तडफडला तरी धीर धरायचा. आपण घाबरलो की किडा वाचतो."

आम्ही क्लाउनला बुडी दिली. तो आडवा झाला, मग सरळ झाला. मी घमेल्यावर वाकून बघत होते. एकही तीळ पडला नाही.

"म्हणजे त्याच्या अंगावर काही नाही," मावशी म्हणाली.

"त्याच्या नाही," मी म्हणाले. मी तसं का म्हणाले ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मावशीने क्लाउनला डब्यात ठेवलं, आमच्या घरी वेगळा ठेवून बघू म्हणून. मग तिने डावी बाही खांद्यापर्यंत वर केली, स्टुलावर उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे मागची काच पुसायला लागली. बाकीच्या काचांवर शेवाळ धरतं, ते ती पातीने खरवडते. मागच्या काचेवर कधी काहीच धरत नाही. तिथे निळा रंग स्वच्छ दिसतो. पण ती काच बुळबुळीत लागते, म्हणून ती तिथे हातानेच पुसते. डोळ्यांना न दिसणारी घाण हाताला कळते, असं तिचं म्हणणं. उजव्या हाताने ती झाकण धरते, म्हणून आत नेहमी डावा हात.

"कशी लागते?" मी विचारलं.

"मऊ," मावशी म्हणाली. मग हसली. "मांजराच्या पोटासारखी."

तिचं तोंड काचेकडे आणि पाठ माझ्याकडे होती. मासे तिच्या हातापासून लांब, पुढच्या काचेला चिकटून होते.

५

टँकचं पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तीसुद्धा खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत, हळूहळू. वरून कधीच नाही. हे सावळाभाऊंना माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. काच पुसून झाल्यावर आम्ही दोघी कपाटात डोकं घालून पंपाचा पाइप बसवत होतो. वर टँकचं झाकण उघडं होतं आणि आमचा कॅन स्टुलापाशी होता.

वर पाणी ओतल्याचा आवाज आला.

"सावळाभाऊ!" मावशी ओरडली.

"पानी कमी दिसलं, म्हून वतलं," ते स्टुलावरून म्हणाले. "मागल्या अंगानं वतलंय, मासं भ्याया नकोत म्हून."

मी कपाटातून बाहेर आले आणि टँकसमोर उभी राहिले.

गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि दोन्ही मिसळतात तिथे तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं तसं पाणी थरथरताना दिसतं. तशी थरथर मागच्या काचेवरून खाली उतरत होती. आणि ती जिथे जिथे उतरत होती, तिथे निळा रंग पांढरा होत होता.

बुडबुडे असतील, असं मला आधी वाटलं. पण बुडबुडे वर जातात. हे जागच्या जागी होतं. दुधावरच्या सायीसारखं, काचेच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकच. त्याला कड होती. कड काचेपासून थोडी सुटली आणि पुन्हा चिकटली. मग मधोमध बारीक सुरकुती पडली आणि ती हळूहळू आमच्या बाजूला सरकली.

सगळे मासे एकदम वळले आणि त्यांची डावी बाजू माझ्याकडे झाली. पहिल्यांदाच. पण तेव्हा मी माशांकडे बघत नव्हते. मी त्या सायीच्या वरच्या भागाकडे बघत होते. तिथे, स्टुलाच्या बरोबर समोर, एक लांबट तुकडा नव्हता. तेवढ्या जागी निळा रंग तसाच होता. हाताच्या लांबीचा. खांद्यापासून बोटांपर्यंत.

पाणी मिसळलं आणि सगळं पुन्हा निळं झालं. मासे परत फिरले.

सावळाभाऊ स्टुलावरून उतरत होते. त्यांनी वरून फक्त पाणी पाहिलं होतं. "मरत्यात का काय आता?" त्यांनी विचारलं.

"नाही मरत," मावशी म्हणाली. तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं. "पण पुन्हा ओतू नका हं, भाऊ. आणि यात हातही घालू नका."

"म्या कशाला घालतोय! मला काय हात जड झालाय?"

बाहेर मावशी स्कूटी सुरू करत असताना मी म्हणाले, "मावशी, तू पाहिलंस ना?"

"सांगायचं नाही कुणाला."

"पण तू पाहिलंस?"

"राजू, हेल्मेट घाल."

६

आमच्या घरी आजारी माशांसाठी एक छोटा टँक आहे. चारही बाजूंनी मोकळी काच, तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला फक्त पाइपचा एक तुकडा. तिथे काहीच दडू शकत नाही, म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो. क्लाउनला त्यात सोडण्याआधी मी चारही काचांवर गोडं पाणी मारून पाहिलं. काहीही पांढरं झालं नाही. मला बरं वाटलं.

सोमवारी शाळेतून आले तेव्हा क्लाउन छान पोहत होता. वळत होता, मला दोन्ही बाजू दाखवत होता. डाव्या डोळ्यातलं फूलही मला फिकं वाटलं. तेवढ्यात मावशी आतल्या खोलीतून आली आणि तो थांबला. त्याने डावी बाजू तिच्याकडे केली. ती खिडकीपाशी गेली, तसा तो जागच्या जागी फिरत गेला. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, तेव्हा त्याचा तो पांढरा डोळा माझ्या खांद्यावरून तिच्यावर होता.

"खातोय का?" मावशीने विचारलं.

"खात होता," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी मावशीला तपासलं. मला दुसरी कुठली पद्धत येत नाही, म्हणून मी मासा तपासते तसंच तपासलं. श्वास भरभर चालतो, जिना न चढताही. पूर्ण बाह्यांचा कुर्ता, घरातही. भूक कमी, पण लोणच्याचा खार मात्र ती वाटीत घेऊन चमच्याने खाते. भांडी ती मला घासायला सांगते. "तुझी दहावी आहे ते मला माहीत आहे गं," ती म्हणते, "पण माझ्या हाताला साबण चालत नाहीये." डावा डोळा आधी लाल होता, आता त्यात फूल पडायला लागलं आहे. ती तळेगावला डॉक्टरांकडे जाऊन आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काही लागलं होतं का." मावशी हसली. "तुझ्याच शाळेत शिकलेला दिसतोय. एक डोळा म्हणजे मार."

ती नेहमीसारखीच हसली. तीच थट्टा, तोच आवाज. त्यामुळे मला अजून खात्री आहे की आत मावशीच आहे.

पण शनिवारी ती स्वयंपाकघरात शिरली, फडताळापर्यंत गेली, डबा घेतला, आणि वळली नाही. डबा हातात धरून ती तशीच मागे मागे, न बघता, दारातून बाहेर गेली. आमचं स्वयंपाकघर अरुंद आहे, हे मी लक्षात घेतलं. हातात भरलेला डबा असला की कुणीही असं करेल, हेही लक्षात घेतलं. मग मी डबा उघडून बघितला. तो रिकामा होता.

७

आज रविवार आहे. आम्ही लोणावळ्याला गेलो नाही. सकाळी मावशी म्हणाली, "बरं वाटत नाही, सावळाभाऊंना फोन केलाय." दुपारी ती जेवायला बसली, तेव्हा तिच्या बाहीवर आमटी सांडली. मी चटकन तिचा हात धरून नळाखाली नेला. त्यात माझा काही डाव नव्हता, कुणीही तेच केलं असतं. बाही भिजली आणि अंगाला चिकटली, आणि कापडातून मला खालचं दिसलं.

बोटं मोकळी होती, पण मनगटापासून वर सगळं पांढरं. मनगटाशी त्याची कड होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पाण्याखाली ती कड सुटून वर वळली, आणि खाली मावशीची खरी कातडी दिसली, गव्हाळ, तिच्या तिळासकट. मग मावशीने हात ओढून घेतला. एवढ्या जोरात तिने माझ्यापासून कधीच हात ओढून घेतला नव्हता.

"सांगायचं नाही," ती म्हणाली. पण तिचा उजवा डोळा रडत होता. फक्त उजवा.

म्हणून मी आता घाबरलेली नाही. कड सुटली होती. खाली कातडी होती. याचा अर्थ सरळ आहे: गोड्या पाण्यात ते सुटतं. नळाच्या धारेने सुटणार नाही, त्याला बुडीच हवी. मी बाथरूममधलं मोठं पिंप भरून ठेवलं आहे. पाणी कोमट केलं आहे, मनगटावर घेऊन पाहिलं आहे. सोडा टाकला आहे. मावशी आतल्या खोलीत झोपली आहे आणि तिला उठल्यावर तोंड धुवायला तिथे यावंच लागेल. नुसता हात बुडवून भागणार नाही, कारण डोळ्यातही आहे. डोकं पाण्याखाली जायला हवं. ती माझ्यापेक्षा उंच आहे, पण या आठवड्यात ती फारशी जेवलेली नाही. आणि तिनेच मला शिकवलं आहे की तडफड झाली तरी धीर धरायचा.

हे मी बाहेरच्या खोलीत बसून लिहिते आहे. क्लाउनचा टँक समोर आहे. तो आज दुपारपासून पाइपच्या तुकड्याबाहेर आलेला नाही. मी आतल्या खोलीच्या दाराकडे डावी बाजू करून बसले आहे. उजेड त्या बाजूने येतो म्हणून. खुर्चीही आधीपासून तशीच होती.

आत पलंग वाजला. मावशी उठली. पावलं बाथरूमकडे गेली, थांबली, आणि आता परत येत आहेत. ती पुढे येते आहे की मागे, ते आवाजावरून कळत नाही.

"राजू," ती हाक मारते आहे, "हे पिंप कुणी भरून ठेवलं गं? ये बघू जरा इकडे."

आवाज मावशीचाच आहे. मी जाते. फक्त एवढं लिहून ठेवते, की आमच्यापैकी जी कुणी बाहेर येईल, तिला काही विचारायच्या आधी तिच्या डाव्या हातावर तांब्याभर गोडं पाणी ओता, आणि तो जर पांढरा झाला तर